काकींच्या कौलांचा क्लेम

मी विमा विकते. पावसच्या खाडीपासून आमच्या संगमेश्वरच्या डोंगरकपारीपर्यंत स्कूटीवर फिरून विकते आणि चांगला विकते, हे सांगायला मला कसली लाज? माणसाचा, गाडीचा, आंब्याच्या बागेचा विमा लोक घेतात. घराचा म्हटलं की सगळीकडे एकच उत्तर: घर कुठे पळून जातंय? आणि गारपिटीचं नाव काढलं तर हसतातच. गारा पडतात त्या देशावर, आपल्याकडे कुठल्या आल्यात गारा, असं म्हणून मला चहा पाजतात आणि वाटेला लावतात. मी चहा पिते आणि पुढच्या महिन्यात परत जाते.

आमच्या वाडीत घराचा विमा पहिल्यांदा घेतला तो शेजारच्या काकींनी. सत्तरी ओलांडलेली बाई, एकटीच राहते. मुलगा बोटीवर नोकरीला, बिऱ्हाड विरारला. सुट्टीवर आला की त्याचा एकच धोशा: आई, घराला कुलूप लाव आणि तिकडे चल, इथे काही झालं तर बघणार कोण? काकींना जायचं नव्हतं. त्याचं तोंड बंद करायला हातात काहीतरी कागद हवा, म्हणून त्यांनी पॉलिसी घेतली. पण मुलगाही वस्ताद. मला फोन करून म्हणाला, "वहिनी, वेळ आली आणि तुमच्या कागदाने काम केलं, तर मी विरारचं नाव काढणार नाही. नाही केलं, तर आईला घेऊन जाणार." मी म्हटलं, लागली पैज.

एका एप्रिलमध्ये वेळ आलीच. मी त्या दिवशी रत्नागिरीत मुक्कामाला होते. दुपारी चारच्या सुमाराला वाडीवर आभाळ काळंठिक्कर झालं आणि पाव तास आवळ्याएवढ्या गारा पडल्या. बाकीची घरं आंब्या-फणसांच्या आडोशाला, त्यांची पाच-दहा कौलं गेली. काकींचं घर वाडीच्या टोकाला, उघड्या कातळसड्याच्या तोंडाशी. तिथे गारांना अडवायला झाड नाही की माड नाही. काकी देवघराच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या म्हणून वाचल्या. माजघरातून वर बघितलं की आभाळ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर सगळी वाडी त्यांच्या अंगणात. आमच्याकडे दर वर्षी पावसाळ्याआधी घर शाकारतात, म्हणजे कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी काढून दुसरी बसवायची. एकाचं घर असलं तरी हात सगळ्यांचे लागतात. मजुरी कुणी घेत नाही, घरवालीने चहा-पोहे द्यायचे की झालं. आणि प्रत्येकाच्या पडवीमागे जुन्या कौलांची एक थप्पी असते, वेळेला असावी म्हणून. त्या दिवशी आठ घरांतून त्या थप्प्या निघाल्या. दुपारनंतर पुन्हा आभाळ भरणार हे दिसत होतं. मी ओढणी कमरेला खोचली आणि शिडीखाली उभी राहून कौलं वर द्यायला लागले. जेवणवेळेपर्यंत छप्पर पूर्ण झालं. फुटके तुकडे पाखाडीच्या वाटेवरच्या खड्ड्यात टाकून तोही बुजवला.

चहाचा कप हातात घेतला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी घसा फोडून सांगते की कंपनीचे साहेब येऊन बघेपर्यंत मोडक्याला हात लावू नका, लावावाच लागला तर आधी फोटो काढा. आणि मी? फोन पर्समध्ये, पर्स खुंटीला आणि मी कोपरापर्यंत धुळीत लाल. स्वतःला दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं. काकींना म्हटलं तर त्या उलट मलाच म्हणाल्या, "अगो, पाऊस काय तुज्या सायबाला विचारून येनार हाय?"

चौथ्या दिवशी कंपनीतर्फे सर्व्हेअर आले. अंगणात उभे राहून त्यांनी छपराकडे बघितलं. कौलं सगळी जुनी, सगळी शेवाळून काळी पडलेली. नवं कोरं लाल कौल एकही नाही.

"नुकसान कुठे आहे, मॅडम?"

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि कौलांची पावती मागितली. नाही. मजुरीची? तीही नाही. "तुम्ही स्वतः एजंट, तुम्हाला मी काय सांगणार," असं ते इतक्या सभ्यपणे म्हणाले की माझं डोकंच फिरलं. त्यात शेजारचे एक भाऊजी कानाशी येऊन कुजबुजले की दुकानदार ओळखीचा आहे, मागची तारीख घालून पावती देईल. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते चार पावलं मागे सरले. खोटी पावती सापडली असती तर खऱ्या नुकसानावरही कुणी विश्वास ठेवला नसता.

काकी मात्र पायरीवर बसल्या. "म्हंजे आता जावा लागनार," एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. कागदाची हमी मी दिली होती आणि कागद निकामी करणारीही मीच होते.

पण ती सगळी कौलं माझ्या हातांतून वर गेली होती. मंगलोरी कौलाच्या पोटाला कारखान्याचा छाप असतो, आणि देता देता ते वेगवेगळे छाप मी बघितले होते. काकांनी घर बांधलं तेव्हा कौलं एकाच कारखान्यातून एकाच ट्रकने आणली होती, हे काकींनी मला शंभर वेळा ऐकवलंय.

"साहेब, बूट काढा," मी म्हटलं, "माळ्यावर चला."

माळ्यावर वाकून उभं राहावं लागतं. मी बॅटरी मारली. काकांच्या मूळ कौलांवर सगळीकडे चांदणी, आणि मध्ये मध्ये कुठे हत्ती, कुठे कमळ, कुठे नुसतीच अक्षरं. आठ घरांची कौलं आठ तऱ्हांची. साहेबांनी स्वतः एकेक मोजायला घेतलं, फोटो काढले, आणि खाली येऊन आठही घरी जाऊन विचारून आले. बाहेरून आलेली कौलं शंभराच्या वर भरली. केसांत कोळिष्टकं अडकलेली, पण आता ते हसत होते.

शेवटी फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, "दुरुस्ती कोणी केली? बाहेरच्या माणसांनी की घरच्यांनी?"

मी तोंड उघडायच्या आत काकी म्हणाल्या, "घरच्यांनी."

मी त्यांना कोपराने ढोसलं. "काकी, घरच्यांनी केलं म्हटलं तर मजुरी मिळत नाही."

"नको मिळूदे. परक्यांनी केलानी, असं मी कशी सांगू?"

साहेबांनी तसंच लिहिलं.

वीसेक दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. कौलांचा क्लेम मंजूर. काकींनी लगेच नवी कौलं आणून पावसाआधी आठही घरी पोचवली. त्याच आठवड्यात मुलाचा बोटीवरून फोन आला. काकींनी फोन स्पीकरवर टाकला आणि मला पत्र वाचायला लावलं. मी आवाज चढवूनच वाचलं. पैज मी जिंकले होते. शेवटची ओळ होती: मजुरीचा खर्च अमान्य, कारण काम घरातील व्यक्तींनी केले आहे.

"घरातील व्यक्ती?" तो म्हणाला. "आई, घरात तू एकटी."

"हितं मी एकटी कदी व्हते रे?" काकी म्हणाल्या. "तू बोटीवर, सून कामावर. एकटी मी तुज्या विरारला येऊन पडेन."

मग तो म्हणाला, "वहिनी, पॉलिसी कधी संपते? पुढचा हप्ता मी भरतो."