सावत्र पाइप
आमच्या जुन्या ट्रॅक्टरचं कुणी कौतुक केलं की माझं डोकं फिरतं. कारण त्या कौतुकावर मान डोलावतो माझा मोठा भाऊ.

ट्रॅक्टर इतका जुना, की लोणारचा खड्डा पडला त्या दणक्यानं याचा पहिला गिअर पडला असावा. इंजिन मात्र वाघ. नडत होतं एकच. पलटी नांगर शेताच्या टोकाला उलटवायला तेलाचा जोर लागतो, आणि आमच्याकडं मागं नुसती उचलायची लिफ्ट. नांगर उलटवणारा व्हॉल्व्हच नाही. भावानं फर्मान काढलं, शनिवारपर्यंत यानं पलटी नांगर चालवला तर ठीक, नाहीतर रविवारी देऊळगाव राजाहून भंगारवाला येईल. ज्याच्या मडगार्डवर बसून हा स्वतःच्या लग्नाला गेला, त्याला भंगार म्हणतो!

मी दुसरबीडहून मिस्त्रीचाचांना आणलं. दोन दिवसांत त्यांनी सीटशेजारी लिव्हरवाला व्हॉल्व्ह बसवला. शनिवारी दुपारी राहिले फक्त दोन पाइप त्याला जोडायचे. एक पंपाकडून जोरात तेल आणणारा, दुसरा ते परत टाकीत सोडणारा. दिसायला जुळे. चुकू नये म्हणून चाचांनी जोराच्या पाइपाला लाल दोरा बांधला, नमाज पढून येईपर्यंत हात लावू नका असं बजावलं आणि गेले.

आमच्या घरी नवी सुई आणली तरी नारळ फुटतो. भाऊ पांढरे कपडे घालून पूजेचं ताट घेऊन आला. पाइपांकडं बघून म्हणाला, "एकालेच दोरा काऊन बे? दुसरा काय सावत्र हाय?"

आणि ताटातला लाल दोरा दुसऱ्यालाही बांधला. मी तेव्हा नारळाशी झुंजत होतो. पूजा आटोपली तसा मला दम निघेना. दोन पाइप कसायला काय पंडित लागतो? कसले. दोन्हीकडं लाल दोरा दिसला, तो मला शुभशकुनच वाटला.

चालू करून लिव्हर ओढला, तशी व्हॉल्व्हचं सील फोडून तेलाची अशी चिळकांडी उडाली की सुलतानपूरकडं निघालेली घार पंख चिकटून बाभळीवर बसली. भाऊ डोक्यापासून चपलेपर्यंत काळा. तेलकट बोटांनीच त्यानं फोन लावला. भंगारवाल्याला म्हणाला, उद्या नको, आजच ये.

मी ओरडलो, दोरा तू बांधला. तो ओरडला, पाइप तू कसले. दोन्ही खरं होतं, म्हणून तर दोघंही जास्त पेटलो. तेवढ्यात चाचा आले. दोन्ही दोरे बघितले, आमच्या मधोमध उभे राहिले.

"भांडा नंतर. मले एक घंटा द्या."

सील त्यांच्या डब्यात होतंच. ते बदललं, पाइपांची अदलाबदल केली, तेल भरलं. आता चालवून बघायचं, तर भाऊ मला ढकलून स्वतः सीटवर चढला. म्हणे, तुझ्या हातचं नको. बांधाशी त्यानं लिव्हर ओढला आणि तो अजस्र नांगर झोपेत कूस बदलावी तसा वळला. पुढच्या बांधाला पुन्हा वळला. दिवस कलला तरी गडी खाली उतरेना. भंगारवाला टेम्पो घेऊन आला, तर त्यालाच दरडावतो, "हे भंगार दिसते का तुले? व्हॉल्व्हची आयडिया माही हाय."

माही!

त्या लिव्हरला माझं बोट अजून लागलेलं नाही. परवा चिडून ब्लेड घेऊन गेलो. म्हटलं, चाचांचा दोरा ठेवू, याचा कापून टाकू. तेलानं दोन्ही सारखेच काळे झालेत. कोणता कुणाचा, ओळखू येईना.