शेकरू आणि दोरीवरचा बुलबुल

दुर्मीळ होत चाललेलं शेकरू पाहायला सह्याद्रीतल्या एका गावी गेलो होतो. जिथे जेवलो, त्या घरच्या मावशी धुणं कुंपणावर वाळत घालत होत्या. पडवीतली दोरी मोकळीच होती.

"खुंटीपाशी बुलबुलानं घरटं केलंय," त्या म्हणाल्या. "पिल्लं उडेपर्यंत दोरी त्याची."

परतताना शेकरू दिसलं. ही एवढी थोरली, तांबूस खार! सगळा प्रवास झाडाझाडांवरून करणारी. फांदीच्या टोकाशी येऊन तिनं रस्त्यापलीकडच्या झाडाचा अंदाज घेतला, थांबली आणि मागे वळली.

बुलबुलाला एक दोरी पुरली. हिच्यासाठी कुणी काय मोकळं सोडायचं?

सकाळी येताना आम्हीच म्हणालो होतो, "काय मस्त रुंद केलाय रस्ता!"