नंदूदादाचं गाऱ्हाणं

नंदूदादा गेला, पण त्याच्या माणसाला सुतक लागलं नाही.

लालबागला भावाच्या घरी देवपूजा बंद, गोडधोड बंद. आणि वडाळ्याच्या खोलीत, जिथे नंदूदादा आणि सदाभाऊंनी अर्धं आयुष्य एकत्र काढलं, तिथे काहीच नाही.

सदाभाऊंनी ऑफिसात रजा मागितली.
साहेबाने विचारलं, "कोण लागत होते तुमचे?"
"रूममेट."

दोन दिवसांत ते कामावर हजर.
त्या शब्दाचा मला आजही राग येतो.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. परळला एका क्लासच्या वरच्या खोलीत आमची रविवारची बैठक भरते. गे, लेस्बियन, ट्रान्स, आणि अजून काहीच ठरलेलं नाही असेही. एक काउन्सेलर मॅडम येतात. बैठक सुरू केली नंदूदादाने.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा घरी माझ्याबद्दल नुकतंच कळलं होतं. दादरच्या आमच्या सुशिक्षित घरात कोणी ओरडलं नाही. फक्त माझ्याशी बोलणं बंद केलं. मी जेवत नव्हते, झोपत नव्हते.

नंदूदादाने आधी पोहे दिले. मग मॅडमकडे बसवलं. मग सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत माझ्या शेजारी बाकावर ताटकळत बसला.

मी म्हटलं, "दादा, गोळ्या घेतल्या म्हणजे मी वेडी ठरणार ना?"
"गो बाय, डॉक्टरची गोळी वेगळी, मान्साची सोबत वेगळी. दोनव घेवक व्हयी."

बैठक संपवायची त्याची पद्धत होती. गाऱ्हाणं घालायचा.

मालवणी घरांत गणपतीपुढे घरातला मोठा माणूस देवाला हाक मारून एकेकाचं नाव घेतो, त्याच्यासाठी मागणं मागतो, आणि बाकीचे प्रत्येक वेळी म्हणतात, "व्हय म्हाराजा!"

लालबागच्या घरी हे त्याचे मोठे भाऊ वसंतदादा घालायचे. आणि दर वर्षी त्यात यायचं, "नंदूचां लगीन जमांदे रे म्हाराजा!"
सगळे, "व्हय म्हाराजा!"
त्यात नंदूदादासुद्धा.

"सोताच्या लग्नाक मी इतकी वर्षां व्हय म्हणतंय," तो हसून सांगायचा, "देवाकच माझी दया इली असतली."

आम्ही खूप हसायचो. सदाभाऊ नाही हसायचे.

रविवारी मात्र तो हवं ते मागायचा. "ह्या समीराक झोप लागांदे." "रुचाच्या आवशीचो फोन येंदे." आम्ही हात जोडून ओरडायचो, खाली क्लासचे सर वैतागायचे. ज्याचं नाव घेतलं जायचं तो बहुतेक वेळा रडायचा. आपलं नाव घेऊन कोणी आपल्यासाठी काही मागतंय, याची आम्हाला सवयच नव्हती.

त्याची स्वतःची एकच इच्छा. "एकदा आमच्या घरच्या गाऱ्हाण्यात सदाचा नाव येवक व्हया. मगे मी मराक मोकळो."

नाव यायच्या आधीच मोकळा झाला. हार्ट अटॅक.

भोईवाड्याच्या स्मशानात अग्नी वसंतदादांनी दिला. सदाभाऊ आमच्यासोबत मागे उभे. कोणी हाकललं नाही, कोणी पुढेही बोलावलं नाही.

मग गणपती आले. घरात दुःख म्हणून साधेच. वसंतदादांनी सदाभाऊंना फोन केला, "दर्शनाक या." सदाभाऊंनी नवा शर्ट घातला. मला म्हणाले, "तू चल गं. मला एकट्याला जमायचं न्हाई."

वसंतदादा गाऱ्हाण्याला उभे राहिले. नातवाचा व्हिसा मागितला. सुनेचं बाळंतपण मागितलं. "नंदू जय आसा थय तेका सुखात ठेव." त्यांनी डोळे पुसले. मी सदाभाऊंकडे बघत होते. ते वसंतदादांच्या तोंडाकडे बघत होते.

"आनि दारात इलेल्या पावण्यारावळ्यांचा भला कर रे म्हाराजा!"

पाहुणे.

सदाभाऊ हात जोडून म्हणाले, "व्हय म्हाराजा."

जिना उतरताना मी नको नको ते बोलले. ते म्हणाले, "वाईट न्हाईत गं माणसं. मला चहा दोनदा विचारला."

त्यानंतर त्यांनी दार लावून घेतलं. बैठक सोडली, जेवण सोडलं. मॅडम दर आठवड्याला वडाळ्याला जाऊन त्यांच्याजवळ बसतात. आता डॉक्टरांची गोळी सुरू आहे. सोबतीला आम्ही आळीपाळीने जातो. मॅडम म्हणतात, रडायलासुद्धा हक्काची जागा लागते. ती त्यांना कोणी दिलीच नाही.

आज लालबागला वर्षश्राद्ध आहे. सदाभाऊंना बोलावणं नाही.

म्हणून आज संध्याकाळी परळच्या खोलीत आम्ही जमतोय. सदाभाऊ यायला तयार झालेत. वर्षभर आमच्याकडे गाऱ्हाणं घालायची कोणाची छाती झाली नव्हती. आज मी घालणार आहे. माझी मालवणी उसनी आहे, चुकेल. देव आणि नंदूदादा सांभाळून घेतील.

बा देवा म्हाराजा,
आज तुझ्या पायाकडे नंदूची लेकरां उभी आसत.
नंदू जय आसा थय तेका सुखात ठेव.
आनि म्हाराजा, हयसर तेचो घोव मागे रवलोहा. सदानंद तेचा नाव.
तेका भूक लागांदे. तेका झोप लागांदे. तेका पोटभर रडू येंदे.
तेका एकटो सोडू नको रे म्हाराजा.

घोव म्हणजे नवरा, रूममेट नव्हे.

कमेंटमध्ये आरआयपी नको. श्रद्धांजलीचे फोटोही नकोत. संध्याकाळी सदाभाऊंना सगळ्या कमेंट वाचून दाखवणार आहे.

जमलं तर एवढंच लिहा.

व्हय म्हाराजा.