केझायाने न लिहिलेलं वर्ष

केझाया थर्लो शेतकऱ्याची बायको होती, पण अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या त्या डोंगराळ भागात तिला ओळखत ते तिच्या पटांमुळे. बायबलातल्या भविष्यवाण्यांचा हिशेब मांडणारे हे कापडी पट उपदेशक गावोगावच्या सभांत भिंतीवर टांगत. सोन्याच्या डोक्याचा नि मातीच्या पावलांचा पुतळा, पंख फुटलेला सिंह, दहा शिंगांचं श्वापद, आणि कडेने काळाचे आकडे. भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे इतिहासातलं एक वर्ष, हे सूत्र तिथल्या पोरांनाही पाठ होतं. बेरीज जिथे संपेल, त्या वर्षी प्रभू परत येणार.

केझायाचाही यावर मनापासून विश्वास होता. तिने रंगवलेला पहिला पट १८४४ वर संपत होता. त्या वर्षी तिची थोरली, रोक्साना, तेरा वर्षांची होती आणि पुढच्या शिक्षणासाठी शहरातल्या शाळेत निघाली होती. आता थोड्या दिवसांसाठी कशाला पाठवायची, असं चर्चच्या मंडळीत ठरलं. प्रभू आला नाही, हिवाळा आला. मग दुसरा हिशेब निघाला, मग तिसरा, आणि शाळेचं बोलणं मागे पडत पडत बंद झालं. रोक्साना दूरच्या कापडगिरणीत मागावर उभी राहिली. ती सुटीत यायची तेव्हा खोकायची. धाकट्या बहिणीची पुस्तकं उघडून बघायची आणि परत खाली ठेवायची. ते बघितलं की केझायाची झोप उडायची.

ती धाकटी, लोविना, आता पंधरा वर्षांची. १८५३च्या हिवाळ्यात मंडळीचे पुढारी पेनिमन, ज्यांना सगळे 'वडील' म्हणत, नवा हिशेब आणि कोरं कापड घेऊन घरी आले. जुनी बेरीज चुकीच्या राजाच्या काळापासून सुरू केली होती म्हणे. नीट मोजलं तर शेवट पुढच्याच वर्षी. कोपऱ्यातली लोविनाची शाळेसाठी भरलेली पेटी त्यांनी पाहिली आणि हसून विचारलं, पोरगी शिकून पत्रं कुणाला लिहिणार, टपालवाला उरला तर ना? मग गंभीर होऊन म्हणाले, पट रंगवणाऱ्या घरातलीच मुलगी शाळेत गेली तर लोक काय समजतील? केझायाचा नवरा सायलस शेगडीकडे बघत राहिला. पेटी तूर्त राहू दे, असं काहीसं पुटपुटला.

केझायाने कापड घेतलं. पुढचे पंधरा दिवस तिने आजवर काढली नव्हती इतकी देखणी श्वापदं काढली.

रविवारी सभेत पट उलगडला. लोक पुढे सरकले. तळाशी, जिथे वर्ष असायचं, तिथे नुसतं पांढरं कापड होतं.

"रंग संपला का गं?" पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या मर्सी टूथेकरने विचारलं.

"रंग पुष्कळ आहे, मावशी."

पेनिमन खालच्या आवाजात म्हणाले, "भगिनी, तुझी श्रद्धा डळमळली."

"नाही, वडील. प्रभू येणार, तो आज आला तरी मी तयार आहे. दिवसाचं वर्ष होतं हेही मला मान्य. आमच्या घरातही तसंच झालं. थोडे दिवस थांबा म्हणालात, आणि माझ्या रोक्सानाची नऊ वर्षं गेली. आता लोविनाचे दिवस मी देणार नाही. वर्ष घालायचं तर तुम्ही घाला, माझ्या हाताने नाही."

पेनिमननी शेगडीतला विझलेला कोळसा उचलून स्वतः आकडा लिहिला. तो वाकडा आला. त्यानंतर केझायाकडे पटाचं काम आलं नाही, आणि सभेत तिच्या शेजारची जागा बरेच महिने रिकामी राहिली. ती मात्र दर रविवारी जाऊन बसायची.

मेपलच्या झाडांचा रस काढायचे दिवस संपले, रस्ते वाळले. एका सकाळी सायलसने कुणाला न विचारता घोडा जुंपला, पेटी गाडीत चढवली आणि म्हणाला, "चल पोरी, मी सोडतो."

लोविनाने गाडीत बसून आईचा हात धरला. "आई, मी तिकडे असताना प्रभू आला तर?"

"तर येऊ दे की," केझाया म्हणाली. "त्याला तू वर्गात बसलेली सापडशील. नीट ताठ बस म्हणजे झालं."

गाडी वळणाआड जाईपर्यंत ती फाटकात उभी राहिली. मग आत जाऊन तिने रोक्सानाला पत्र लिहायला घेतलं: धाकटी गेली, आता तू घरी ये, गिरणी पुरे झाली.