भोरड्या

काल सास्तूरला हुरडा खाताना नातवानं हौसेनं गोफण फिरवली. तिची घूं घूं ऐकली आणि माझा घास हातातच राहिला.

एकाहत्तरच्या लढाईत माझा दादा बॉम्बफेकी विमान चालवायचा. खालून तोफेचा गोळा लागून ते पडलं. तार आली त्याच आठवड्यात आमच्या ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरला. राखणीच्या माळ्यावरून मी गोफण उगारली, तसा वडिलांनी माझा हात धरला.

“आबा, दाणा राहायचा न्हाय!”

“न्हाय राहिला तरी चालंल, पोरी. वर उडणाऱ्याला खालून मारू नगं.”

तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. आता येत नाही. पाखरं पोटभर खाऊन उडाली. शेवटची भोरडी दिसेनाशी होईपर्यंत आबा मान वर करून उभे होते.