बत्तिसावा अध्याय

जालन्याहून निघताना पिशवीत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि बावीस वर्षांचं एक पाप घेतलं होतं. पाप सगळ्यांत जड. ते हैदराबादला आत्याकडे उतरवायचं होतं.

काचीगुड्याला सकाळी पोचलो. रिक्षावाले चाचा म्हणाले, "ये पुल तो परसोंइच बना." पुलाच्या भेगेतला पिंपळ हातभर वाढलेला. इथे 'परसों' म्हणजे काल सोडून मागचा कुठलाही काळ. मग "हौ (हो), यहींच" म्हणत त्यांनी मला तारनाक्याच्या भलत्याच गल्लीत उतरवलं. मला उशीर हवाच होता.

आत्याने खिचडी वाढली, वर खट्टा (चिंचेचं पातळ सार). तीनदा घेतलं. तोंड खाण्यापुरतंच उघडत होतं.

आता सांगतोच. आतोबा वारले तेव्हा आत्याला पत्र लिहिलं. शास्त्रातून, म्हणजे बायबलातून, वचन शोधायचा कंटाळा, म्हणून मीच रचलं: 'परमेश्वर विधवेच्या चुलीच्या राखणीला बसतो.' खाली ठोकून दिलं: नीतिसूत्रे, अध्याय बत्तिसावा. आमच्या चर्चमध्ये शास्त्रपाठ मीच वाचतो. 'हे देवाचं शुद्ध वचन' म्हणताना दर रविवारी घसा दाटतो. लोक म्हणतात, काय भाव आहे!

"आत्या, ते पत्रातलं वचन..."

"बत्तिसावा अध्याय ना? अरे शमू, नीतिसूत्रांना एकतीसच अध्याय आहेत. परसोंच कळलं मला."

"परसों म्हणजे?"

"पत्र आलं त्याच दिवशी."

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. रिकामा होता.

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, पाठ वाचणारा पोरगा, पुस्तकाचं नाव चुकला असेल. पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून शोधायला बसले. तुझं काही सापडलं नाही. पण जे सापडत गेलं ना, त्यावर दिवस निभले. दुसऱ्यांदा वाचलं ते तुझ्यासाठी नाही हं."

तिने शास्त्र उघडलं. पानोपानी निळ्या शाईच्या रेघा. नीतिसूत्रांच्या शेवटी, कोऱ्या जागेत, माझं वाक्य पेन्सिलीने.

"सापडलं असतं तर शाई फिरवली असती," तिने खोडरबर पुढे सरकवला. "वाक्य वाईट नाही. पण देवाचं नाही, तुझं आहे. खोड."

पान कांद्याच्या पापुद्र्यासारखं. श्वास धरून खोडलं. आत्या चष्मा लावून पहारा देत होती.

परतीच्या गाडीत नीतिसूत्रे काढली आणि पहिल्यांदाच कुणाला वाचून दाखवायचं नसताना वाचली. एकतीस अध्यायांत माझी काहीच उणीव नव्हती.

रविवारी पाठ वाचला. घसा दाटला नाही. बाहेर पडताना एक बाई हळहळल्या, "आज भाव कमी पडला हो."

"होय बाई," मी म्हटलं, "आज नुसतं वाचलं."