दुसऱ्या नंबरचा प्रचार

माझ्या मुलीला स्कॉटलंडमधल्या निवडणुकीत मी पाडलं. तेही कुवेतमध्ये, फाहाहीलच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर मांडी घालून, फोनवरून. तेव्हा मी साठीची होते आणि स्वतःला फार हुशार समजायचे. आता त्या बाईची आठवण आली की तिच्या हातातला फोन काढून घ्यावासा वाटतो.

मुलगी तिथल्या एका बेटावर राहते. तिचे स्कॉटिश सासरे इथे कुवेतमध्ये मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत माझ्या नवऱ्याबरोबर होते. निवृत्त होऊन ते आपल्या बेटावर परतले, आणि इथे नोकरी केलेली आणखी काही तिकडचीच कुटुंबंही त्या बेटावर आणि समोरच्या किनाऱ्याला जाऊन राहिली. बेटावरची शाळा बंद करून मुलांना रोज बोटीनं पलीकडच्या शाळेत पाठवायचं तिथल्या कौन्सिलात घाटत होतं. माझी नात तेव्हा सहा वर्षांची. मुलगी म्हणाली, "कौन्सिलमध्ये बसल्याशिवाय आमचं कोणी ऐकणार नाही," आणि अपक्ष उभी राहिली. बेटं आणि समोरचा किनारा मिळून एक वॉर्ड, जागा तीन, उमेदवार सात. तिथे शिक्का मारायचा नसतो. आवडीप्रमाणे उमेदवारांना नंबर द्यायचे असतात, पहिला, दुसरा, तिसरा.

मला निवडणुकीतलं काय कळत होतं? अर्धं आयुष्य इकाम्यावर, म्हणजे कुवेतच्या राहण्याच्या परवान्यावर काढलेलं, मत कुठेच नाही. माहीत होती ती आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाची निवडणूक. तिथे एकजण म्हणतो "तुम्ही व्हा अध्यक्ष," दुसरा म्हणतो "छे, तुम्हीच व्हा," आणि तिसरा चहा येईपर्यंत गप्प बसून अध्यक्ष होतो. स्वतःसाठी मागितलं की बाई आगाऊ ठरते. त्या कमिटीत मी बरीच वर्षं होते. मागितलं काहीच नाही, मिळालं सगळं.

तर मी डायरी काढली. तिकडे परतलेल्या घरांना मी ती इथे असताना दर दिवाळीला चकली-शंकरपाळे खिलवलेले. विहीणबाईंपासून सुरुवात केली. म्हटलं, "आमच्या लेकीला सांभाळून घ्या. पहिला नंबर तुमच्या नेहमीच्या माणसाला द्या, त्यात मी पडत नाही. दुसरा तेवढा हिला द्या." विहीणबाई म्हणाल्या, "किती समजूतदार आहात तुम्ही." झालं. त्या एका वाक्यावर मी पुढचे सगळे फोन केले. शेजाऱ्यांना सांगा म्हटलं, चर्चमधल्या बायकांना सांगा म्हटलं. सगळे आनंदानं हो म्हणाले. नाही कशाला म्हणतील, कोणाचं काही जातच नव्हतं.

मतदान गुरुवारी झालं, मोजणी शुक्रवारी. आमची सुट्टी. बाहेर धुळीनं आभाळ पिवळं झालेलं, खिडक्या बंद, एसी घरघरतोय. मी सकाळपासून तीनदा ओटा पुसला. दही आणायला खाली बकाल्यात, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले, दही न घेताच वर आले, पुन्हा गेले. फोन टेबलावर ठेवला की हातात घ्यावासा वाटे, हातात घेतला की ठेवावासा.

"बस ना एका जागी," नवरा म्हणाला. "तुझ्या फेऱ्यांनी मला चक्कर येतेय."

"डोळे मिटा."

"एवढी काळजी कशाला? तू तर अख्खं बेट फोनवर बांधलंयस. काय सांगितलंस त्यांना?"

मी अभिमानानं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. हा माणूस कप खाली ठेवतो तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं.

"सगळ्यांना दुसरा सांगितलास?"

"मग काय, पहिला मागायचा? बरं दिसतं का ते?"

"अगं बाई, ज्याला पहिले नंबर सगळ्यात कमी, तो आधी बाद होतो. दुसरे नंबर मोजतात ते नंतर; बाद झाल्यावर त्यांचा ढीग पडला तरी उपयोग शून्य. तू सगळ्यांना दुसरा सांगितलास, तर तिला पहिला कोण देणार?"

मी म्हटलं, "कोणीतरी देईलच की."

"प्रत्येकानं हेच म्हटलं असेल."

मग मला दही आठवलं, म्हणजे खाली जायला कारण हवं होतं. लिफ्टमध्ये मी बोटांवर घरं मोजत राहिले. कोणाला तरी चुकून पहिला म्हणाले असेन का? नव्हते म्हणाले. मी किती नीट, किती स्पष्ट बोलले होते.

दुपारी जावयाचा मेसेज आला. पहिल्याच फेरीत बाद. सर्वांत कमी पहिले नंबर तिचे.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिला विहीणबाईंकडून आधीच कळलं होतं. त्यांनी कौतुकानं सांगितलं होतं, तुझ्या आईनं सांगितलं तसंच आम्ही सगळ्यांनी केलं. शाळेचं आता काय ते निवडून आलेले तिघे ठरवणार होते. मागे नात काहीतरी इंग्रजीत विचारत होती आणि मुलगी तिला उत्तर देत नव्हती.

मी म्हटलं, "चुकलं गं माझं. आपण होऊन पहिला मागायला मला लाज वाटली."

तिनं नातीला दुसऱ्या खोलीत पाठवलं. मग अगदी शांत आवाजात म्हणाली,

"आई, बरं झालं तुला मत नव्हतं. नाहीतर तू मला कितवा नंबर दिला असतास, ते मला कळलं असतं."